गाठीला वारा लागू नये म्हणून

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. आधीच्या रोजनिशांचं काय झालं ही चर्चा नको. आता लिहिण्यासारखं काही घडलं आहे. गाठ घरी आली.

कारखाना बंद झाला तेव्हा ज्याला जे मिळालं ते त्याने उचललं. अकाउंटंटने फिरती खुर्ची नेली, वॉचमनने टेबलफॅन, कॅन्टीनवाल्याने तर चौकटीसकट दरवाजा. मी इतकी वर्षं स्टोअरकीपर. मी फाटकाजवळच्या झाडावरची गाठ मागितली. झाड पाडायचंच होतं. खोडाला एका अंगाला हे भलंमोठं आवाळू आलेलं, येता-जाता रोज बघायचो. अशा गाठीत लाकडाचे तंतू सरळ जात नाहीत, आतल्या आत भोवऱ्यासारखे फिरतात. कापून पॉलिश केलं की जी नक्षी निघते तिच्यासाठी शौकीन लोक वाटेल ते मोजतात. मालक हसले आणि म्हणाले, घेऊन जा. बाकीचे पण हसले. हसोत. जो शेवटी हसतो त्याचं वेगळं असतं.

झाड कोणतं ते नक्की माहीत नाही. ते महत्त्वाचं नाही.

चार हमाल लागले. याचं करणार काय, असं त्यातल्या एकाने विचारलं. ठरवायचं आहे, म्हटलं. संकल्प: महिनाअखेर निर्णय.

५ फेब्रुवारी
कारखान्याची खोकी बनवणारा सुतार बघून गेला. ओली आहे म्हणाला. पटकन वाळली तर तडकेल. ऊन नको, वारा नको. कापलेल्या तोंडाला आजच मेण लावा आणि फार दिवस ठेवू नका.

मेण लावलं नाही. मेण लावायचं तर कुठून कापणार ते आधी ठरवायला हवं. ते ठरवायचं तर विकायची की काही बनवायचं हे ठरवायला हवं. गोष्टी क्रमाने कराव्यात. तोवर ओली पोती गुंडाळली आणि वरून प्लॅस्टिक.

जागेचा प्रश्न सोडवला. स्वयंपाकघर गरम. बाहेरच्या खोलीत रस्त्याचा वारा, शिवाय तिथे हिचं शिवणयंत्र. राहिली आतली खोली. थंड, अंधारी, एकच खिडकी, ती पण मागच्या भिंतीकडे. जणू गाठीसाठीच बांधली आहे. ही म्हणाली, माझ्या उशाशी? मी म्हटलं, पायथ्याशी. ठेवल्यावर उशाशी आली. पलंग फिरवला तर कपाट उघडत नाही.

खिडकी बंद. पंखा बंद. हिला समजावलं की थोडे दिवस. हिला लहानपणापासून दमा आहे, पण थोडा.

९ फेब्रुवारी
लाकडाचा व्यापारी येऊन गेला. गाठीभोवती फिरला, नखाने टोकरलं, वास घेतला आणि म्हणाला, अख्खी उचलतो, आजच. आकडाही सांगितला. बरा होता.

पण मी स्टोअरमध्ये आयुष्य काढलंय. माणूस इतक्या लगेच हो म्हणतो तेव्हा माल दुपटीचा असतो. विचार करून सांगतो म्हटलं. तो म्हणाला, विचार करा, पण लाकूड थांबत नाही. व्यापाऱ्यांना असं बोलायची सवय असते.

ही म्हणाली, देऊन टाकायची होती. हिला व्यवहारातलं काय कळणार. म्हटलं नाही, मनात म्हटलं.

१४ फेब्रुवारी
ठरलं. फळ्या काढायच्या. जाड फळ्या, कडेची साल तशीच ठेवून. त्याची टेबलं होतात. बड्या घरांतून अशा टेबलांना मागणी आहे.

१५ फेब्रुवारी
फळ्या नाहीत. सुतार म्हणाला, गाठ आतून कशी आहे ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर कळून उपयोग नाही. याला काय अर्थ आहे.

ठरलं: विनिअर. कागदासारखे पापुद्रे काढायचे. एका गाठीत शेकडो पापुद्रे. गणित केलं तर डोळे फिरले.

१९ फेब्रुवारी
पापुद्रे काढणारी मशीन या भागात कुठेच नाही. हे आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं.

हिला खोकला. हवा बदलली आहे.

२६ फेब्रुवारी
कामावर असल्यासारखं वाटतं. सकाळी उठून पोती भिजवायची, पहार लावून गाठ थोडी फिरवायची, प्लॅस्टिक झटकायचं, पुन्हा बांधायचं. दुपारी एकदा हात लावून बघायचा. कारखाना बंद झाल्यापासून सकाळी बूट घालावेसे वाटत नव्हते. आता घालतो. या एका गोष्टीवर माझी सही आहे आणि ही मी कुणालाही इश्यू करणार नाही.

खिडकी उघडी सापडली. ही म्हणाली, जरा वेळच उघडली. मी समजावून सांगितलं की त्या जरा वेळात केसाएवढी भेग पडते आणि त्या भेगेची दरी होते. हिने ऐकून घेतलं. ही समजूतदार आहे.

२८ फेब्रुवारी
महिनाअखेर. फेब्रुवारी छोटा महिना, तो धरायला नको. निर्णय मार्चमध्ये.

५ मार्च
पोत्यांवर पांढरी बुरशी. म्हणजे ओलावा टिकला आहे. पद्धत बरोबर चालली आहे.

८ मार्च
खिडकी पुन्हा उघडी. बोललो नाही. खिडकी लावून खिटीची मूठ काढून खिशात ठेवली, आता ती उघडत नाही. फटीत कागद कोंबले. वाद घालण्यापेक्षा हे बरं.

१३ मार्च
मेहुणी आणि साडू आले. साडूला प्रत्येक गोष्टीतलं कळतं, बँकेत होता म्हणून. खोलीत पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. मेहुणीने हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाऊजी, इथे ही झोपते? मी म्हटलं, दोघंही झोपतो. खरं तर मी हल्ली बाहेर झोपतो, हिच्या खोकल्याने झोपमोड होते आणि सकाळी मला काम असतं.

साडू म्हणाला, वखारीत टाक नाहीतर जाळून टाक. उंटावरचा शहाणा. त्याच्या डोळ्यांत मला मत्सर दिसला. गाठ त्याच्याकडे नाही ना.

मेहुणी म्हणाली, ताईला थोडे दिवस आमच्याकडे पाठवा. ही म्हणाली, नको, यांचं जेवण कोण बघेल. मला भरून आलं.

१८ मार्च
ठरलं: वाट्या आणि थाळ्या. लेथवर कातून घ्यायच्या. एका गाठीत वीसेक मोठ्या वाट्या, प्रत्येक वेगळी. खाली माझं नाव कोरायचं की फक्त आद्याक्षर, यावर दुपार गेली. आद्याक्षर.

२२ मार्च
हिला बसून झोपायची सवय लागली आहे. पाठीला तीन उशा लावते. चांगलंच आहे, पलंगाची एक बाजू मोकळी राहते, गाठ फिरवायला सोपं जातं, नाहीतर माझा पाय दुखतो.

शिवणकाम बंद आहे. पायडल मारलं की धाप लागते म्हणे. दोन गिऱ्हाइकं कपडे तसेच परत घेऊन गेली. त्यांना मी गाठ दाखवली.

२७ मार्च
डॉक्टरांकडे गेलो. मीच नेलं, हे नमूद करतो. डॉक्टर तरुण आहेत, प्रश्न फार विचारतात. घरात कुणी सिगरेट ओढतं का. नाही. मांजर, कुत्रा? नाही. धुळीचं काही काम चालतं का? नाही. कापायला अजून सुरुवात कुठे झाली आहे.

मग विचारलं, घरात ओल आहे का, बुरशी वगैरे?

हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही. ओल घरात नाहीच, गाठीत आहे. हिने मान खाली घातली आणि पदराशी चाळा करत बसली.

डॉक्टरांनी पंप दिला, गोळ्या दिल्या आणि वाफेचं मशीन घ्यायला सांगितलं. दार-खिडक्या उघड्या ठेवा, असं दोनदा म्हणाले. येताना हिला रिक्षात विचारलं, बरं वाटतंय ना? हो म्हणाली. तरी घरी आल्यावर मला जेवताना उगाच ठसका लागत होता. त्या प्रश्नाचं उत्तर तिने द्यायला हवं होतं, ती रुग्ण आहे.

३० मार्च
वाफेचं मशीन चांगलं आहे. छोटं, गुबगुबीत, चहाच्या किटलीएवढं.

४ एप्रिल
कापलेल्या तोंडाला भेग. बोटभर. सकाळपासून डोकं सुन्न आहे. काल पोती भिजवायला उशीर झाला, कारण हिला धरून बाथरूमपर्यंत न्यावं लागलं. मी दोष देत नाही. पण नोंद असावी.

५ एप्रिल
कल्पना सुचली. वाफ. प्लॅस्टिकच्या आत वाफ सोडायची. लाकूड फुगतं, भेग मिटते. मशीन घरात आहेच आणि हिला ते दिवसातून दोनदाच लागतं. मधल्या वेळात पडून असतं. साधनाचा पूर्ण वापर, हे मी कारखान्यात सगळ्यांना शिकवायचो.

हिला विचारलं. म्हणाली, घ्या. डोळे मिटून म्हणाली, पण म्हणाली.

९ एप्रिल
भेग मिटल्यासारखी वाटते. निदान वाढलेली नाही. थोडी वाढली आहे.

व्यापाऱ्याला फोन केला. उगाच, बाजार बघायला. आता बघून सांगतो म्हणाला. पूर्वी आजच उचलतो म्हणणारा माणूस. मी पण म्हटलं, मला घाई नाही.

१२ एप्रिल
आज थोडक्यात.

मी दुपारी सुताराकडे गेलो होतो, लेथवाल्याचा पत्ता घ्यायला. तिथे बोलण्यात वेळ गेला. मशीन प्लॅस्टिकच्या आत चालू राहिलं. पाणी संपलं. मशीन जळलं, त्याला टेकलेलं प्लॅस्टिक जळलं, पोतं धुमसलं. ही पलंगावर होती. दार गाठता आलं नाही. खिडकीच्या खिटीला मूठ नाही.

शेजारणीने वास आला म्हणून दार ढकललं. तिनेच फोन केला, साडूची गाडी आली. मी पोचलो तेव्हा हिला गाडीत घालत होते. ओठ निळे पडले होते. बस, म्हणाला साडू, येतोस ना? मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी आतलं विझवून येतो.

विझलेलंच होतं. तरी मी पोती बदलली.

१३ एप्रिल
सकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. तोंडावर मास्क. हात हातात घेतला. हिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. मेहुणी खुर्चीतून उठली नाही. मी उभाच होतो.

त्याच तरुण डॉक्टरांनी बाहेर बोलावून पुन्हा विचारलं, घरात ओल आहे का? या वेळी हो म्हटलं. एवढंच, हो. त्यांनी लिहून घेतलं आणि पेनचं टोपण लावायला बराच वेळ लावला.

१९ एप्रिल
हिला सोडलं. साडू परस्पर त्यांच्याकडे घेऊन गेला. हवापालट आवश्यकच होता, मी पण हेच सुचवणार होतो. तिसरा मजला आहे, उजेड भरपूर.

घर शांत आहे. आता गाठीकडे पूर्ण लक्ष देता येईल.

२ मे
कुकरच्या किती शिट्ट्या, ते फोन करून विचारलं. मेहुणीने सांगितलं. हिला फोन द्या म्हटलं. झोपली आहे. सकाळी अकराला? हो, म्हणाली, आडवी होऊन झोपली आहे, उठवत नाही.

भेगा आता मोजत नाही.

११ मे
फोन केला. ही भाजी आणायला गेली आहे. तिसऱ्या मजल्यावरून उतरून. एकटी. आनंद झाला. बरी होते आहे म्हणजे येईलच.

ठरलं. गाठ आता घरातून काढायची. कापायची, जे निघेल ते निघेल. ही यायच्या आत खोली रिकामी करायची.

२० मे
सुतार आजारी.

२९ मे
कापली.

सुताराच्या अंगणात, मोठ्या पट्ट्याच्या करवतीवर. मी कोट घालून गेलो होतो. पहिला काप झाला आणि दोन अर्धुकं बाजूला झाली. काळं. मधोमध काळं, भुसभुशीत, बोट घातलं तर आत जात होतं. वास असा आला की सुताराची बायको आत निघून गेली. कडेने भेगा, एकीतून दुसरी. व्यापारी पण आला होता. त्याने जोड्याच्या टोकाने ढकलून बघितलं आणि म्हणाला, बंबात घालायला पण ओली आहे. मग सुताराला म्हणाला, हा तुकडा फेब्रुवारीत मी बघितला होता, सोनं होतं. मी समोरच उभा होतो.

एका कडेला सालीजवळ तळहाताएवढं चांगलं लाकूड सापडलं. खरोखर सुंदर. भोवरे, डोळे, मधाचा रंग. मी इतके दिवस म्हणत होतो ते खोटं नव्हतं, एवढं तरी सिद्ध झालं.

बाकीचं तिथेच टाकून आलो.

६ जून
त्या तुकड्याची वाटी कातून घेतली. लिंबू मावेल एवढी. खाली आद्याक्षर घालायचं राहिलं. मग मुद्दामच नाही घातलं.

खोली धुतली. फिनेल, साबण, चुना. खिटीला मूठ लावली, खिडकी उघडी ठेवली. ज्या कोपऱ्यात गाठ होती तिथे भिंतीवर काळा डाग आहे, घासून जात नाही. कपाट पुढे ओढलं. आता दिसत नाही.

१४ जून
हिला आणायला रविवारी जायचं. नवी उशी आणली. कोट धुतला. घरी आल्यावर काय काय बोलायचं ते ठरवलं आहे: आधी माफी, मग स्वयंपाकाला बाई, मग शिवणयंत्राला मोटर बसवायची. साडूला दोन शब्द चांगले बोलायचे.

रविवारी येते का ते फोनवर विचारलेलं नाही. समोर गेलं की माणूस नाही म्हणत नाही.

१७ जून
जाऊन आलो.

दार हिनेच उघडलं. चेहरा भरलाय. तीन जिने चढून धाप मला लागली होती, हिला नाही. पाणी आणायला आत गेली तेव्हा गुणगुणत होती. लग्नानंतर पहिली काही वर्षं गुणगुणायची, मी विसरलो होतो.

वाटी दिली. हिने नक्षीवरून बोट फिरवलं आणि सुंदर आहे म्हणाली. मनापासून म्हणाली, मला कळतं. मी सांगायला सुरुवात केली. खोली धुतली, खिडकी उघडी असते, नवी उशी आहे. ही ऐकत होती आणि मग खोकायला लागली. आधी थोडं, मग थांबेना. मेहुणीने वाटी उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली. तरी थांबेना. हात छातीवर, खांदे वर चढलेले, तीच शिट्टी छातीतून. मेहुणी पंप घेऊन धावली, मग माझ्याजवळ आली आणि वाकून माझ्या बाहीचा वास घेतला. भाऊजी, हे तुमच्या अंगावरून येतंय, म्हणाली. रागाने नाही म्हणाली.

कोट धुतलेला आहे, मी सांगितलं. पण वाळत घातला होता आतल्या खोलीत. शर्टही तिथल्या कपाटातलाच. सगळंच त्या कपाटातलं.

साडूने खुर्ची उचलून बाहेर जिन्याच्या चौकात ठेवली. मी त्याला दिलेली सगळी विशेषणं परत घेतो. मी बाहेर बसलो, दार अर्धं उघडं. ही आतून, भिंतीच्या पलीकडून बोलत होती. जेवता का? जेवतो. कुकर? जमतो. पाय दुखतो का अजून? कमी आहे. मग मी विचारलं, घरी कधी येतेस.

आतून पंपाचा आवाज आला, मग ही बोलली. "मी नाही येणार. रागावून नाही सांगत. मला तिथे श्वास येत नाही हो."

बरं, म्हटलं. जे ठरवून गेलो होतो त्यातलं काहीच बोललो नाही, माफीसुद्धा. पुन्हा खोकला सुरू झाला तसं मेहुणीने दार लोटून घेतलं. खुर्ची भिंतीला लावली आणि मी निघालो.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा वरून खोकला ऐकू येत होता. पहिल्यावर आलो तेव्हा कमी झाला. तिथे कठड्याला धरून उभा राहिलो. थांबला. पुन्हा सुरू होईल म्हणून मी ऐकत राहिलो, नाही झाला. मग साडू काहीतरी बोलला आणि ही हसली. मोकळं हसली, दम न लागता, जिनाभर ऐकू आलं.

मला फार वाईट वाटलं. मी परत वर गेलो नाही.